नवसात रंग सांगायचा राहिला

रोहा तालुक्यात कुणाच्या हातात हॉकी स्टिक दिसली तर लोक विचारतात, "भांडण कुठं लागलंय?" मॅच कुठं आहे असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय. आपल्याकडं या काठीची ओळख सिनेमातल्या कॉलेजच्या मारामारीतून आणि पेपरातल्या 'हॉकी स्टिकने मारहाण, चौघांवर गुन्हा' छापाच्या बातमीतून झालेली. या काठीबरोबर चेंडूही लागतो, हे बऱ्याच जणांना २००७ साली 'चक दे इंडिया' आल्यावर कळलं. जिल्हा कबड्डीचा. हॅलोजन लावून रात्री दोन-दोनपर्यंत सामने चालतात आणि आयाबाया पोरं कडेवर घेऊन बघायला उभ्या असतात. उरलेला वेळ क्रिकेट खाऊन टाकतं. अशा मुलखात, त्यातून धाटावसारख्या एमआयडीसीच्या गावात, हॉकीचा भक्त असणं म्हणजे पंढरपुरात राहून दुसऱ्याच देवाची वारी करण्यासारखं आहे.

तरी असा एक भक्त आमच्या शेजारी राहतो. काका. रसायनाच्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून उभी हयात गेली. तिन्ही पाळ्या केल्या, रिलिव्हर आला नाही म्हणून कितीतरी डबल मारल्या, आणि साठीला शाल-श्रीफळ, घड्याळ घेऊन घरी आले. त्यांना व्यसनं दोनच. एक हॉकी, दुसरं रहस्यकथा. तिसऱ्या पाळीत पहाटे तीन ते पाच डोळा लागू नये म्हणून रहस्यकथेची सवय लागली, असं ते सांगतात. पर्यवेक्षकही पुस्तक जप्त करायचा तो आपल्याला वाचायला म्हणूनच, असंही सांगतात.

पण काकांची रहस्यकथा वाचण्याची रीत उलटी. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. खुनी कोण, नायक जिवंत आहे ना, पैसे कुणाला मिळाले, एवढं पाहून घ्यायचं आणि मग निवांत मांडी घालून पहिल्या पानाला सुरुवात. मी एकदा म्हटलं, "काका, मग राहिलं काय वाचायला?"

"अरे, हॉकी बघणाऱ्या माणसाला कुठं तरी शेवट आधी माहीत असायला नको का?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

रहस्यकथेच्या वाचकाची श्रद्धा कशी असते ते एकदा नीट बघून घेण्यासारखं आहे. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड. आमच्या आधीच्या पिढीनं ही पुस्तकं वाचनालयातून एका दिवसाच्या भाड्यानं आणून, गणिताच्या पुस्तकात लपवून वाचली. नायक पकडला जाणार, गोदामात खुर्चीला बांधला जाणार, डोक्यावर पिवळा दिवा हेलकावे खाणार. खलनायकाच्या हातात भरलेलं पिस्तूल. ते झाडायच्या आधी तो सगळा बेत नायकाला तपशीलवार ऐकवणार, कारण वाचकालाही तो कळायला हवा. आधी गोळी घालून मग भाषण करायचं, एवढी साधी गोष्ट इतक्या पुस्तकांत एकाही खलनायकाला सुचली नाही. वाचक मात्र नखं खात असतो. छातीत धडधड चालू. आणि आतून तो अगदी निर्धास्त असतो, कारण झुंजारचं पुढचं पुस्तक पुढच्या महिन्यात येणार हे त्याला ठाऊक असतं. ज्याचं पुढचं पुस्तक ठरलंय त्याला या पुस्तकात मरण कुठलं? त्याचा भरवसा देवावर नसतो, प्रकाशकावर असतो.

काकू नारायण धारपांच्या भयकथा वाचणाऱ्या. त्याही दिवसाउजेडी, आणि पुस्तक मिटल्यावर पालथं ठेवणार. धारपांच्या गोष्टींत माणसं भलत्या वाड्यात जातात, नको ते दार उघडतात, मग जे भोगावं लागतं ते लागतं. पण समर्थ, म्हणजे अशा वेळी सोडवायला येणारा धारपांचा नायक, येणार असले की काकूंचा जीव भांड्यात पडतो. "त्यांनी हाक मारायला उशीर केला, नाहीतर एवढं झालंच नसतं," असं त्या पात्रांना रागावतात. म्हणजे दुःख हे हाक मारायला लागलेल्या उशिराचं असतं, आणि हाक मारली की सुटका ठरलेली.

आता वाचनालयातल्या पुस्तकांचा एक धोका असायचा. शेवटचं पान फाटलेलं निघायचं. कुणी रागानं फाडलेलं, कुणी पानाचा चुना पुसायला नेलेलं. नाहीतर आठव्या पानावर एखादा पुण्यवान पेन्सिलीनं लिहून ठेवायचा, 'खुनी : माळी'. फाटलेल्या पानाचं दुःख मोठं की पेन्सिलीचं, यावर काकांच्या पाळीत वाद व्हायचे. काकांचं मत ठाम होतं. पेन्सिलवाला परवडला. हॉकीत तोच मिळत नाही.

काका भक्त झाले तेही चुकीच्या मुहूर्तावर. १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतानं पाकिस्तानला २-१ हरवलं, त्याचं धावतं वर्णन त्यांनी चौदाव्या वर्षी रेडिओवर ऐकलं. अशोक कुमारचा गोल झाला तेव्हा गावातल्या एकुलत्या एक रेडिओभोवती बसलेली माणसं उठून नाचली म्हणे. पोरगं भारावलं. त्याला वाटलं, हे असंच चालतं. ध्यानचंदांच्या संघानं १९३६ साली बर्लिनमध्ये जर्मनीला ८-१ हरवलं, त्याआधी १९३२ ला अमेरिकेला २४-१, हे त्यानं कुठं कुठं वाचलेलं. घराणं श्रीमंत आहे अशा समजुतीनं मुलगी द्यावी आणि लग्नानंतर कळावं की वाडा गहाण आहे, तशी गत झाली. १९८० ला मॉस्कोत सोनं आलं आणि मग ऑलिंपिकचं पदक ४१ वर्षं आलं नाही. विश्वचषक तर तो एकच.

१ डिसेंबर १९८२. दिल्लीचं एशियाड, अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान. काका तेव्हा मुंबईला मामांकडं गेले होते, तिथं टीव्ही. पहिला गोल भारताचा. काकांनी टाळी वाजवली. नंतरचे सात पाकिस्तानचे. "ती माझी शेवटची टाळी," काका म्हणतात. तेव्हापासून आपला गोल झाला की ते टाळी वाजवत नाहीत, नुसता शर्टाचा खिसा चाचपतात. गोलकीपर मीर रंजन नेगीवर मात्र जे कोसळलं ते कुठल्या गोदामातल्या नायकाला सोसावं लागलं नसेल. पैसे खाल्ले, देश विकला, काय काय बोललं गेलं त्या माणसाला. समर्थ आले नाहीत, पुढच्या महिन्यात पुढचं पुस्तकही आलं नाही. तो माणूस पुन्हा भारतीय संघाबरोबर उभा राहिला तो सोळा वर्षांनी, १९९८ च्या बँकॉक एशियाडला, गोलकीपरांचा प्रशिक्षक म्हणून, आणि तिथं भारतानं सोनं जिंकलं. सिनेमात या सगळ्याला अडीच-तीन तास लागतात.

बँकॉकच्या त्या संघाचा कर्णधार धनराज पिल्ले. काकांच्या घरात धनराजविषयी वाकडं बोलायची सोय नाही. कारण तो खडकीचा. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, वडील तिथल्या मैदानाची निगा राखणारे, भावंडांबरोबर मोडक्या काठ्या जोडून खेळ शिकलेला. "कंपनी कॉलनीतला पोरगा आहे तो, आपल्यातला," असं काका म्हणतात तेव्हा खडकी आणि धाटाव यांच्या मधला खंडाळ्याचा घाट सपाट होतो. कारखाना म्हटला की मैदान हवं, हा त्यांचा सिद्धांत. आमच्या इथल्या मोकळ्या जागांत मोटारसायकली लागतात आणि शेवग्याच्या शेंगा चांगल्या येतात.

सिडनी, २००० साल. पोलंडला हरवलं की उपांत्य फेरी. भारत १-० पुढं. दोनेक मिनिटं राहिलेली. इथं जाणता वाचक उठून शेवटचं पान बघून आला असता. काकांना ती सोय नव्हती. पोलंडनं गोल केला, १-१, संपलं. धनराजला टीव्हीवर रडताना काकांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेले. आदल्या दिवशीची मॅच कुणी तिथं पाहिलीच नव्हती, त्यामुळे सांत्वनाचा प्रश्न आला नाही. हॉकीच्या भक्ताला सुतक एकट्यानं पाळावं लागतं.

पुढं २००८ च्या मार्चमध्ये चिलीतल्या सँटियागोला ब्रिटननं २-० हरवलं आणि १९२८ नंतर पहिल्यांदा भारताचा संघ ऑलिंपिकला जाणार नाही हे नक्की झालं. पुढच्या महिन्यात जे घडलं ते अर्नाळकरांच्या तोडीचं. छुपा कॅमेरा, निवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप, संघटनेच्या सचिवाचा राजीनामा, आणि अखेर अख्खी संघटनाच निलंबित. त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष होते पंजाबचे निवृत्त पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल. रहस्यकथेत एवढा मोठा पोलीस अधिकारी पहिल्या प्रकरणापासून घरात बसवला तर वाचक पुस्तक परत करेल, की मग गुन्हा होईलच कसा?

हे सगळं धाटावला कळण्यापलीकडचं होतं. पण जानेवारी २०१० मध्ये एक चमत्कार झाला. पुण्यात विश्वचषकाच्या तयारीचं शिबिर चालू होतं आणि मानधनाचे पैसे मिळाले नाहीत म्हणून खेळाडूंनी सरावालाच नकार दिला. काका पेपर घेऊन कँटीनमध्ये आले. संप! ज्यांना पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, त्या सगळ्यांना हे एका वाक्यात समजलं. मागण्या काय आहेत? व्यवस्थापन काय देतंय? पंचवीस हजार? म्हणजे तोंडाला पानं पुसली! सगळे एकत्र आहेत की फुटलेत? करार लेखी की तोंडी? त्या आठवड्यात आमच्या एमआयडीसीत हॉकीची जेवढी चर्चा झाली तेवढी ना आधी झाली होती, ना नंतर झाली. युनियनच्या एका जुन्या नेत्यानं तर तोडगा तोंडी मान्य करू नका असा निरोप पुण्याला पाठवता येईल का, अशी चौकशी केली. पुढं तडजोड झाली, विश्वचषक दिल्लीत सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात या संपकऱ्यांनी पाकिस्तानला ४-१ असं लोळवलं. कँटीनमध्ये एकमतानं निष्कर्ष निघाला की पगारवाढीनं उत्पादन वाढतं. त्या स्पर्धेत भारत शेवटी आठवा आला, ते काकांनी कुणाला सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर काका सामन्याची नोंद ठेवायला लागले. कंपनीची दिवाळीची डायरी असते, तिच्यात पट्टीनं रकाने आखलेले. वेळ, तापमान, दाब, शेरा. प्लँटवर दर तासाला भरायच्या लॉगशीटची ही सवय. मी ती डायरी पाहिली आहे. ४ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, उपांत्यपूर्व फेरी, समोर ब्रिटन. मजकूर जसाच्या तसा नाही, पण साधारण असा :

'१७ मि. रोहिदासला लाल कार्ड. एक पंप बंद. उरलेल्या दहांवर चालवणे आहे. दाब वाढला.'

'२२ मि. हरमनप्रीत. गोल. दाब उतरला. जास्त उतरला, हे बरं नव्हे.'

'२७ मि. गोल खाल्ला. १-१. तापमान : हात लावता येत नाही.'

त्यापुढं अर्धं पान कोरं आणि मध्ये हळदीचा डाग. त्याचा खुलासा असा, की तो रविवार आषाढी अमावास्येचा होता. गटारी. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार, त्यामुळे रायगड जिल्ह्यात जेवढ्या चुली आहेत तेवढ्यांवर दुपारी मटण नाहीतर कोंबडी शिजत होती. सामना दीड वाजता. भारताकडं दहा माणसं आणि जवळजवळ तीन चतुर्थांश खेळ शिल्लक. काकू पातेलं ढवळायला सांगून बाहेर गेल्या आणि काका पळी हातात धरून टीव्हीपुढं उभे राहिले. ब्रिटन हल्ल्यावर हल्ला करतंय, गोलकीपर श्रीजेश अडवतोय, रस्सा खाली लागतोय. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की काका नियमानं घराबाहेर जातात, कारण त्यांनी पाहिलं की गोल होतो अशी त्यांची धारणा. त्या दुपारी ते पळीसकट इतक्या वेळा ओट्यावर गेले की समोरच्यांना वाटलं काका रस्सा वाटतायत. एकानं वाटीसुद्धा आणली. सामना १-१ सुटला, शूटआउटमध्ये भारत ४-२ जिंकला. मटण करपलं. काकूंनी बोलायला तोंड उघडलं, टीव्हीवरचा श्रीजेश बघितला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या, वरचं वरचं काढून घेते."

त्याआधी तीन वर्षं टोकियो. ५ ऑगस्ट २०२१, सकाळी सातचा सामना, कोरोनाचे दिवस. जर्मनीविरुद्ध १-३ मागं पडून ५-३ पुढं, मग ५-४, आणि सात सेकंदसुद्धा उरले नसताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. काका ओट्यावर. आत काकूंनी हात जोडून धावीर महाराजांना सांगितलं, "पोरांना पदक मिळू दे." धावीर महाराज रोह्याचं ग्रामदैवत. दसऱ्यानंतर पालखी निघते तेव्हा पोलीस हत्यारी सलामी देतात. ज्या देवाला सरकार सलामी देतं त्याच्या शब्दाला बाहेरदेशीही वजन असणार, हा काकूंचा हिशेब. श्रीजेशनं तो चेंडू अडवला. ४१ वर्षांनी पदक आलं, कांस्यपदक. पॅरिसलाही काकूंनी तोच नवस केला, त्याच शब्दांत. स्पेनवर २-१ असा विजय, पुन्हा कांस्य.

आता काकांची तक्रार आहे की नवसात रंग सांगायचा राहिला. "पदक म्हटलंस, देवानं पदक दिलं. पर्चेस ऑर्डरमध्ये ग्रेड लिहिली नाही तर सप्लायर हलकाच माल पाठवणार!" काकूंचं म्हणणं, देवापाशी हट्ट करू नये, मिळालं ते गोड मानावं. ४१ वर्षं काही न मागता कोरडे बसलात, तेव्हा कुठं गेली होती तुमची ग्रेड?

१९२० साली याच रोह्यात जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले आयुष्यभर सांगत राहिले की भक्ती हा देवाशी केलेला सौदा नव्हे. त्यांच्या गावच्या लोकांनी ते मनापासून ऐकलं आणि नवस चालू ठेवले. मला विचाराल तर शास्त्रीबुवांच्या कसोटीला उतरणारा माणूस आमच्या गल्लीत एकच, काका. रहस्यकथेचा वाचक शेवटाची पावती खिशात ठेवून घाबरतो. काकूंना समर्थ आहेत, महाराज आहेत. काकांनी हॉकीकडून बदल्यात काही घेतलं म्हणावं तर त्यांच्या बाजूला रेडिओवरची एक संध्याकाळ, मॉस्कोचं सोनं आणि उतारवयात दोन कांस्यपदकं. एवढ्यावर पन्नास वर्षं कुणी क्रिकेट पाहिलं नसतं. याला निष्काम भक्ती म्हणावं की कोडगेपणा, ते आपापल्या स्वभावावर आहे. माझं मत विचाराल तर थोडं तेही, पण जास्त पहिलं.

मध्यंतरी मी काकांना विचारलं की हॉकीचंही शेवटचं पान आधी बघायची सोय झाली, सामना नंतर मोबाइलवर बघता येतो, निकाल आधी कळतो, तर तसं का नाही बघत? काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना पालखी मोबाइलवर बघायला सांगितली असावी.

"निकाल कळल्यावर बघायचं म्हणजे पेशंट घरी आल्यावर दवाखान्यात डबा न्यायचा."

तर आता पुढचं. विश्वचषक १५ ऑगस्ट २०२६ पासून नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये आहे. राजगीरला २०२५ चा आशिया चषक जिंकून भारत त्याला पात्र ठरलाय. नेदरलँड्समधले सामने ॲम्स्टेलवीनला. हे गाव काकांना तोंडपाठ आहे, कारण १९७३ चा अंतिम सामना तिथंच झाला. भारत २-० पुढं होता, यजमानांनी २-२ केलं, जादा वेळेत भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला तो हुकला आणि शेवटी डच जिंकले. १९७५ नंतर तर भारतानं विश्वचषकाची उपांत्य फेरीही पाहिलेली नाही. काकूंना या वेळी 'पदक' न म्हणता 'कप' म्हणायला सांगितलं आहे, त्या विचार करते म्हणाल्यात. स्पर्धा पुरी श्रावणात येते, म्हणजे करपण्यासारखं फारसं काही चुलीवर नसेल. ज्यांना यायचं असेल त्यांनी खुशाल यावं, सतरंजी आणि चहा आमच्याकडून. फक्त ओट्यावरची जागा मोकळी ठेवावी, पेनल्टी कॉर्नरला काकांना लागते.